तळाला टेकलेला काटा

डिकीत दोन लोकरी पांघरुणं होती, आखूड दांड्याचं एक फावडं, वाळूची एक पिशवी, बॅटरी जोडायच्या तारा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात तीन मेणबत्त्या आणि काडेपेटी, शिवाय टाकीत बर्फ धरू नये म्हणून ओतायच्या स्पिरिटच्या दोन बाटल्या. पुढच्या सीटवर तातो, म्हणजे डार्काचे वडील नेस्टर, मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. बाहेर उणे छत्तीस. मॅनिटोबाच्या जानेवारीत लांब निघताना गाडीत जे लागतं ते सगळं होतं. नव्हतं फक्त पेट्रोल. निदान काटा तरी तसं सांगत होता.

डार्काने पंपाची नळी टाकीच्या तोंडात घातली आणि मूठ दाबली. खट्. मूठ सुटली. पुन्हा दाबली, पुन्हा खट्. पंपाच्या पडद्यावर शून्याच्या पुढे काही सरकेना.

मॅव्हिस दुकानाचं दार बोटभर उघडून ओरडली, "नळी उलटी धर! सकाळपासून तिची नाटकं चालली आहेत!"

डार्काने उलटी धरली. मग शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर गाडी लावून पाहिली. खट्. हातमोज्यातून बोटांची टोकं बधिर व्हायला लागली.

"मॅव्हिस, काल संध्याकाळी ॲम्ब्रोज इथे आला होता का? माझी गाडी घेऊन?"

"ॲम्ब्रोज फ्लेट? छे! काल आठ गिऱ्हाईकं झाली, त्यात तो नव्हता."

गावात पेट्रोलपंप हा एवढाच.

शेजारच्या ॲम्ब्रोजने काल तिची गाडी मागून नेली होती, बहिणीला बस थांब्यावरून आणायला. नेताना काटा तळाच्या रेषेवर होता. गाडी मागून नेली तर टाकी भरून परत करायची, हे गावात कोणी कोणाला सांगावं लागत नाही. रात्री किल्ली देताना तो स्वतःहूनच म्हणाला होता, "टाकी भरलीय हं, पोरी. उद्या सरळ निघा." आणि आज काटा तळाच्याच रेषेवर. वर सकाळी निघताना तिने त्याच्या पायरीवर दोन लाल डबे आडवे पडलेले पाहिले होते, झाकणं उघडी, आणि एकातून बाहेर डोकावणारी रबरी नळी. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. डबे आणि नळी दुसऱ्याच्या टाकीतून पेट्रोल काढायलाच लागतात.

ती गाडीत बसली आणि फोन लावला.

"ॲम्ब्रोज, टाकी कुठे भरलीत?"

"घरीच. माझ्या वीस-वीस लिटरच्या दोन डब्यांतून. बस उशिरा आली, पंप बंद झाला होता."

"काटा तळाला आहे."

"असेल. मी भरली."

"चाळीस लिटर ओतले आणि काटा हलला नाही?"

"पोरी, तू मला नक्की काय विचारतेयस?"

तिने फोन ठेवला.

"काय झालं?" तातोंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू इतका दाटला होता की ते आवाजाच्या दिशेला तोंड करत, पण जरा चुकीच्या जागी.

"तो म्हणतो भरली."

"मग भरली असेल. पंपसुद्धा तेच सांगतोय की. टाकी भरली की नळी आपोआप बंद होते."

"थंडीत पंपाची नळी अशीच वागते, तातो. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि काट्यावर ठेवायचा?"

"तुम्ही त्याचीच बाजू घेणार. रोज क्रिबेज खेळता ना त्याच्याशी!"

"खेळतो. मला पत्ते दिसत नाहीत, माझे गुण तोच मोजतो." तातो हसले. "आणि दर दोन डावांतला एक मी जिंकतो."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मोजत असेल तसे."

"असेल. पण लबाडी करायला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक त्याला कुठे मिळणार होतं?"

प्रश्न फक्त आजच्या प्रवासाचा नव्हता. विनिपेग अडीचशे किलोमीटर, तातोंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दुपारी एकला, तारीख मिळायला आठ महिने लागलेले. वाटेत गाडी बंद पडली तर मेणबत्तीच्या उबेवर किती वेळ काढायचा, हा एक हिशेब. पण परत आल्यावर आठवडाभर ती कामावर असताना तातोंच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालणार होता तो ॲम्ब्रोजच. घराची किल्ली त्याच्याकडेच. चाळीस लिटरसाठी जो खोटं बोलतो, तो "थेंब घातले" असंही म्हणेल.

तिने मनातल्या मनात दोन रकाने केले. टाकी रिकामी असेल तर काटा खरा, आणि पंपाची नळी गारठलेली. टाकी भरलेली असेल तर नळी खरी, आणि काटा अडकलेला. तो कशाने अडकेल? जुन्या डब्यात बर्फ गेला असेल. पेट्रोलबरोबर तो टाकीत उतरला, तळाशी जमला, आणि काट्याला हलवणारा तरंगता गोळा तिथेच धरून बसला. घडू शकतं. पण घडू शकतं म्हणजे घडलं असं नाही. चोरीही घडू शकते.

"पट्टा लावा, तातो."

"विनिपेगला?"

"आधी एलेव्हेटरला."

धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य तोलून साठवायचं उंच कोठार, गावाच्या टोकाला, हमरस्त्यालाच होता. डार्का तिथे ट्रक तोलायची. दिवसातला पहिला ट्रक यायच्या आत ती वे-ब्रिजवर, ट्रक तोलायच्या लोखंडी फळीवर, स्वतःची गाडी उभी करून पाही, यंत्र जागेवर आहे ना हे कळावं म्हणून. दोन वर्षांची ही सवय. त्यामुळे गाडीचं वजन तिला तोंडपाठ होतं. आत कोणी नाही आणि काटा तळाला, तर तेराशे चाळीस. वे-ब्रिज दहा-दहा किलोंनी मोजायचा. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ तीस किलो. चुकायला जागा नव्हती.

तिने तातोंना हात धरून ऑफिसात नेलं, थर्मासही आत नेला. छपरावरचा बर्फ झाडला. चाकांमागे लोंबणारे काळे गोळे लाथेने पाडले. डिकीतलं सामान रोजच असायचं, ते तसंच ठेवलं.

"एवढं करण्यापेक्षा त्याला 'चुकलं' म्हणणं सोपं होतं," तातो खिडकीपाशी म्हणाले.

"चुकलं असेल तर म्हणेन."

"आणि नसेल तर?"

"तर थेंब घालायला मी रजा घेईन, आणि तुम्हाला क्रिबेजला दुसरा गडी शोधावा लागेल."

तातोंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं.

डार्काने गाडी लोखंडी फळीच्या मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं, दार लावलं आणि ऑफिसात आली. तिने यंत्र शून्यावर होतं ना ते नोंदीत पाहून घेतलं. होतं. लाल आकडे जरा थरथरले, वर गेले, खाली आले.

"किती?" तातोंनी विचारलं.

आकडे थांबेपर्यंत ती थांबली.

एक हजार तीनशे सत्तर किलो.