चुन्याची खूण

दुसऱ्या फेरीत कडुलिंबापाशी आल्यावर शालनचे पाय आपसूक थांबले.

तिला थांबायचं नव्हतं. पण वर्षभर रोज पहाटे अंगाला एकच गोष्ट शिकवली होती. छाती इतकी भरून आली, पोटऱ्या अशा तटतटल्या की खूण येते आणि पळणं संपतं. त्या हिशेबानं तिनं होता नव्हता तेवढा दम मघाशीच ओतून टाकला होता. इथं तर समोर मैदानाचं अख्खं वळण तसंच पडलेलं होतं आणि त्यापुढचा सरळ पट्टाही.

"मावशी, थांबू नका, अजून राहिलंय," घड्याळ घेऊन उभी असलेली पोलीस बाई ओरडली.

शालन पुन्हा पळाली. त्याला पळणं म्हणायचं तर म्हणा. मागच्या चौघीजणी पुढे निघून गेल्या. त्यांत भावकीतली सून उत्कर्षाही होती. माहेरी सांगलीला राहून ती कॉलेजच्या मैदानावर महिनाभर पळाली होती, तेवढंच. शालननं रेषा ओलांडली तेव्हा पोलीस बाईनं घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. वेळेत बसलं नव्हतं.

गोळाफेकीत तिचा गोळा सगळ्यांच्या पुढे पडला होता, पण त्याला आता कोण विचारतो! विश्रामबागच्या मैदानाच्या कडेला ती बूट काढून बसली. पुढची होमगार्डची भरती कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि निघेल तेव्हा शालनची पन्नाशी उलटलेली असणार होती. पन्नाशीपुढे घेत नाहीत. म्हणजे जे काय व्हायचं होतं ते झालं होतं.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तासगावच्या रथोत्सवात. गर्दीत दोराजवळ एक म्हातारी पडली होती. शालनच्याच वयाची, शालनसारखीच अंगानं आडवी, खाकीतली एक होमगार्ड बाई पुढे झाली. तिनं एक हात वर केला, दोन पुरुषांना नुसतं डोळ्यांनी मागं सारलं आणि म्हातारीला उचलून बाहेर आणलं. कुणी हूं का चूं केलं नाही. शालन जन्मभर द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर राबली होती. पोरं मार्गी लागली होती. आपल्या एका हातानं माणसं थांबावीत, असं तिला त्या दिवशी फार वाटलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "मला हुमगार्ड व्हायचंय."

जोतीराम पलटणीतून हवालदार होऊन आलेला. तो पोटभर हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच तिच्यासाठी बूट आणले, आणि शालनला वाटलं, आपल्यासारखी भाग्यवान बाई पंचक्रोशीत नसेल.

त्यांच्या गावात घरटी नाही तरी दोन घरांआड एक फौजी. पळण्याचा विषय निघाला की फौजीचा शब्द शेवटचा. पोरं भरतीला जायच्या आधी फौजीकडून अंतर मोजून घेतात आणि तिथं चुन्याची खूण करतात. त्या खुणेवर कुणी दुसरा टेप लावत नाही. लावला तर तो फौजीचा अपमान. जोतीरामनं कालव्याच्या कडेचा रस्ता गाडीच्या काट्यावर मोजला, दगडावर चुना फासला आणि म्हणाला, "ह्ये आठशे मीटर. हितं आलीस की संपलं."

पहिले दिवस वाईट गेले. साडी नेसून पळायला गेली तर पायांत अडकून पडली. पंजाबी ड्रेस घातला तर कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना हसायला विषय मिळाला. गुडघे सुजले. गोळा कुठून आणायचा म्हणून ती पाट्यावरचा वरवंटा फेकायची, आणि मग त्याच वरवंट्यानं चटणी वाटायची. जोतीराम रोज पहाटे घड्याळ घेऊन खुणेपाशी उभा. "शेवटच्या मोरीपासनं जीव सोडून पळायचं," असं त्यानं शिकवलं होतं. ती तशी पळायची. वजन उतरलं, दम वाढला, आणि एका सकाळी जोतीराम म्हणाला, "बसलं की गं वेळंत." ती तिथंच कालव्याच्या भिंतीवर बसून हसत सुटली होती.

आणि आज मैदानावर ही गत.

तासगावहून गावची गाडी धरून शालन कालव्याच्या पुलाशी उतरली आणि घराकडे न जाता पळायच्या रस्त्याला लागली. शंका खायला उठली होती. रस्त्याला लागून द्राक्षबागा, आणि ओळी सगळ्यांच्या नऊ फुटांवर. छाटणीला आणि विरळणीला या ओळींतून तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. जिथून रोज पळायला सुरुवात करायची तिथून ती ओळी मोजत चालू लागली. चुन्याच्या खुणेपाशी पोचली, उलटी फिरली आणि पुन्हा मोजल्या. हिशेब करायला कागद लागला नाही. रस्त्याचा जवळजवळ पाव हिस्सा गायब होता.

जोतीराम अंगणात ठिबकच्या नळ्या साफ करत बसला होता. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "न्हाई झालं?"

"आवं, ती खूण तुमी कुठं केलीया?"

"का?"

"मी ओळी मोजून आलीया."

जोतीराम हातातली नळी निरखत राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून तर त्याचं हे खोटं वर्षभर चाललं. शेवटी म्हणाला, "पयल्यांदा बरुबरच केलती. तू आठ दिवस रडत हुतीस. न्हाई जमायचं म्हनून बूट फेकलंस. मग म्या चुन्याचा दगड रोज थोडा थोडा अलीकडं सरकवला. तुला बरं वाटावं म्हनून."

हे शालनला समजत होतं. इथवर तिला राग आला नाही. तिनं विचारलं, "बरं. मग दम वाढल्यावर खूण परत जाग्यावर का न्हाई नेली?"

"तू लय खूश हुतीस."

"आन भरती निघाली तवा? नाव दिलं तवा? काल राती तुमीच बुटांना पॉलिश केलं, तवा?"

ती उभीच राहिली. आज ती उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हती.

"वाटलं, न्हाई झालं तर बरंच," जोतीराम खाली बघत म्हणाला. "गणपतीत रात-रात बंदोबस्ताला हुबी ऱ्हाणार, दारुडी माणसं आंगावर येनार. लोकं म्हनतील, फौजी घरात बसलाय आन बायकू रस्त्यावर. पेन्शन येतीया की मला. काय कमी हाय तुला?"

"मला तोंडावर न्हाई म्हनायचं हुतं."

"म्हनलं आसतं तर आयकलं आसतंस?"

"न्हाई."

"मग?"

"मग भांडले आसते. बोलले नसते चार दिस. पर खरं आंतर पळाले आसते." तिचा आवाज चढला नाही. "घरात एकच वर्दी आसावी, आसंच ना?"

जोतीरामनं नळी खाली ठेवली. नाही म्हणाला नाही.

शालन आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. रडू आलं ते कणीक मळताना. नापास झाल्याचं दुःख तिनं मैदानावरच गिळलं होतं. हे निराळं होतं. रोज पहाटे हा माणूस घड्याळ धरून उभा राहायचा, "शाबास" म्हणायचा, आणि आपण त्या शाबासकीवर दिवसभर तरंगायचो. ती सगळी फसवणूक होती. शत्रूनं केली असती तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. हा तर रोज तिच्यासाठी पहाटे उठायचा.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. घरी बसून तोंड लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. उत्कर्षा झाल्याची आणि शालन न झाल्याची बातमी तिच्या आधीच पोचली होती. तेवढ्यात जोतीराम मोकळे क्रेट घेऊन आत आला. सुलाबाई शेडवरची सगळ्यांत थोरली, आणि जीभ तशीच. ती म्हणाली, "शालन, काय गं ह्ये? कालची पोरगी झाली आन तू ऱ्हायलीस? बिचाऱ्या जोतीरामानं वरीसभर झोप सोडली तुज्यासाठनं. त्याच्या मेहनतीवर पानी पाडलंस की."

बायकांचे हात थांबले. जोतीराम क्रेट धरून उभा होता.

शालनच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि जोतीराम फौजीनं मोजलेल्या अंतरावर गावातला एकही पोरगा पुन्हा पळाला नसता. ती बोलली नाही. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तूच सांग, एवढंच तिला म्हणायचं होतं. सगळं नको, नुसतं 'तिची चूक न्हाई' एवढं म्हण. त्यालाही ते कळलं. संसार इतक्या वर्षांचा होता, कळणारच.

जोतीरामनं क्रेट खाली ठेवले, हात झटकले आणि म्हणाला, "जाऊ द्या, सुलाकाकू. तिनं लय केलं. वयाफुडं काय चालतंय?"

"ते बी खरंच," सुलाबाई म्हणाली, आणि बायका पुन्हा कामाला लागल्या.

शालननं पुढचा ढीग आपल्याकडे ओढला. काड्या एकीकडे, काळा माल एकीकडे. हात रोजच्यासारखे चालत होते.

संध्याकाळी शेड सुटली तेव्हा जोतीराम नेहमीप्रमाणे दारात गाडी सुरू करून उभा होता. तिला बसता यावं म्हणून त्यानं मागच्या सीटवरची धूळ हातानं पुसली.

"तुमी व्हा फुडं," शालन म्हणाली आणि चालत निघाली. मागं गाडी बराच वेळ तशीच सुरू होती.