गुरुत्वाकर्षण खात्यातला बदली

गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करणारी संस्था पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर नसावी, एवढं कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. पण मुलुंड पूर्वेला तशी एक होती. खाली गिरणी सुरू झाली की वरच्या मजल्यावरची टेबलं थरथरायची आणि अख्ख्या विश्वाची गणितं दुपारपर्यंत पिठाने पांढरी व्हायची. ती झटकायचं काम काशीराम भुवडचं.

काशीराम शिपाई होता, पण हाडाचा शिपाई नव्हे. लालबागच्या एका कापडगिरणीत त्याने सव्वीस वर्षं कापड तपासलं होतं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मग चार वर्षं कुठे वॉचमन, कुठे हमाल असं करत तो या संस्थेला चिकटला, आणि तेही हंगामी. वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला कायम करावं लागतं, हे सगळ्या साहेबांना तोंडपाठ असतं. म्हणून दोनशे तीस-पस्तीस झाले की हंगामी माणसाला घरी बसवायचं, आणि पुन्हा एकपासून मोजायचं.

सत्त्याऐंशी साली मात्र संचालक डॉ. भाऊराव टिपणिसांनी शब्द दिला होता की यंदा घरी बसवणार नाही. मार्च संपत आला तेव्हा काशीरामचे दोनशे सदतीस भरले होते, तीन हवे होते, आणि महिन्यातले कामाचे दिवसही नेमके तीनच उरले होते. असल्फ्याच्या खोलीत त्याची बायको सुगंधा कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होती. नवस बोलून झाला होता. फक्त कामावर जायचं होतं.

तेवढ्यात दिल्लीच्या एका खात्याचं पत्र आलं. गेल्या वर्षात क्वांटम गुरुत्वाकर्षणावर जगभर जे शोधनिबंध निघाले, त्यांतला सर्वांत होतकरू कोणता, ते मार्चअखेर कळवावे. निवड तीन सदस्यांच्या समितीने करावी, तिघे जातीने हजर असावेत.

क्वांटम गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, हे काशीरामला डॉ. पद्मजा करंदीकरांनी कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. मोठ्या वस्तूंचा एक कायदा, बारीक कणांचा दुसरा, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यांचा समेट करायला पन्नास वर्षं थोर थोर माणसं बसली आहेत आणि अजून कोणी उठलेलं नाही. काशीरामला यात नवल वाटलं नाही. संप त्याने पाहिला होता.

समितीत भाऊराव आणि पद्मजाबाई होत्याच. भाऊरावांच्या मते जग तंतूंचं बनलेलं आहे, आणि बाईंच्या मते तंतू ही नुसती थाप आहे. यावरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी फक्त ऑफिसच्या चिठ्ठ्यांतून बोलत. तिसरे चंद्रप्रकाश, त्यांना समितीच्या पहिल्याच दिवशी सकाळी गालगुंड झालं.

"तिसरा माणूस पाहिजे," भाऊराव भिंतीकडे बघून म्हणाले.

"नियमच आहे," बाई दुसऱ्या भिंतीला म्हणाल्या.

काशीराम तेव्हा चहा घेऊन आत आला होता. त्याने रिकामी खुर्ची पाहिली, आणि पुढचं त्याने केलं असं म्हणता येणार नाही, ते त्याच्या अंगाने केलं. कापडगिरणीत, तपासनीस होण्याआधी, पाच वर्षं तो बदली होता. बदली म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं, आणि कायम कामगार आला नाही की त्याच्या जागेवर जाऊन उभं राहायचं. खातं कुठलं, मशीन कुठलं, येतं का नाही, हे विचारायचं नाही. जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच. काशीरामने ट्रे खाली ठेवला आणि तो चंद्रप्रकाशांच्या खुर्चीत बसला.

"बदली," तो म्हणाला.

आपला शिपाई आहे, आपल्याच बाजूने हात वर करील, असं भाऊरावांना वाटलं. रोज भाऊरावांची बोलणी खातो, तो मेला तरी त्यांच्या बाजूने जाणार नाही, असं बाईंना वाटलं. दोघं एकदमच म्हणाले, "चालेल." दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलं एकमत.

बासष्ट निबंध होते. काशीरामने हजेरीवहीत सदस्य म्हणून सही केली, चष्मा पुसला आणि विचारलं, "होतकरू म्हणजे?"

"पुढे काहीतरी होईल असा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे सध्या काही नाही. कळलं. आमच्या भाचीला असलीच स्थळं येतात."

मग तो कामाला लागला. गिरणीत कापड तपासताना त्याने कधी नक्षी पाहिली नव्हती. नक्षी गिऱ्हाइकाने बघायची. तपासणाऱ्याने दोष बघायचा. आणि कापडात दोष असतोच. खरा विणकर दोष पडला की मागावरच त्या जागी काठाला लाल दोरा बांधतो, म्हणजे पुढच्याला कळतं. लबाड विणकर तीच जागा घडीच्या आत घालतो. काशीरामची सव्वीस वर्षं असल्या घड्या उलगडण्यात गेली होती. त्याने पहिला निबंध भाऊरावांपुढे सरकवला.

"साहेब, यानं दोरा कुठं बांधलाय?"

"कसला दोरा?"

"माझं इथं चुकतंय, असं कुठं लिहिलंय ते वाचा."

भाऊरावांनी ऐंशी पानं चाळली. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटी एका तळटीपेत बारीक अक्षरात होतं की अमुक एक अडचण सध्या बाजूला ठेवली आहे. "घडीत घातलंय," काशीराम म्हणाला आणि निबंध डावीकडे ठेवला. दुसरा बाईंच्या आवडीचा. त्यात अडचण पुढच्या निबंधात सोडवू असं होतं, आणि पुढचा निबंध अजून निघाला नव्हता. तोही डावीकडे गेला. हे तीन दिवस चाललं. मध्ये दर दोन तासांनी काशीराम उठून चहा करून आणायचा, तिघांना द्यायचा आणि सदस्य म्हणून आपल्या वाट्याचा पुन्हा खुर्चीत बसून प्यायचा. डावीकडचा ढीग एकसष्टांचा झाला.

उरला एक. कुठल्याशा थंड देशातल्या बाईचा, नऊ पानांचा. तिचं म्हणणं असं की हलकी वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते, जड वस्तूला मात्र गुरुत्वाकर्षण एकच जागा घ्यायला लावतं. पण पहिल्याच पानावर तिने ठळक लिहिलं होतं की चौथ्या पायरीला माझं गणित फाटतं. किती वजन म्हणजे जड, ते मला काढता आलेलं नाही. त्यापुढच्या कशावरही विश्वास ठेवू नये.

काशीराम बराच वेळ ते पान हातात धरून होता. इतका स्वच्छ माणूस त्याला कापडातसुद्धा फार वेळा भेटला नव्हता. टेबलाच्या खणातल्या फायली बांधायच्या दोऱ्यातला एक लाल तुकडा त्याने काढला आणि पानाच्या कोपऱ्याला बांधला. "हा," तो म्हणाला. समोरच्याचा नाही ना, एवढ्यावर दोघांनी होकार दिला. "सोबतचा निबंध समितीने एकमताने निवडला" या छापील कागदावर तीन सह्या झाल्या आणि लिफाफा दिल्लीला गेला.

संध्याकाळी काशीराम हजेरीपट सांभाळणाऱ्या शकुकडे गेला. "शकुताई, दोनशे चाळीस झाले ना?"

"सदतीस," शकु म्हणाली. ती वाईट नव्हती. रेघ सोडून न लिहिणारी होती, इतकंच. "तीन दिवस तुम्ही समितीत सह्या केल्यात, मामा. एका माणसाला एका दिवशी दोन हजेऱ्या नाहीत. शिपाई म्हणून तुम्ही गैरहजर."

"अगं, चहा कोणी दिला?"

"चहाची सही नसते."

सुगंधाची शेवटची फुली काशीरामच्या डोळ्यांसमोर आली. भाऊराव आणि पद्मजाबाई धावत आले, कारण दोघांनाही मनापासून शरम वाटली होती. शरम वाटली की शास्त्रज्ञ वाद घालतात.

"माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकतो," बाई म्हणाल्या. "निदान कण तरी असतो."

"मामा कण आहेत का?" शकुने विचारलं. "आणि तुम्हीच आत्ता दिल्लीला लिहून दिलंत ना, की जड वस्तू एकाच ठिकाणी असते म्हणून? संस्थेची सही आहे त्याच्यावर. निबंध मी चाळलाय."

"मग आधी वजन करू," भाऊराव म्हणाले. मग सगळे खाली गेले आणि गिरणीवाल्याच्या काट्यावर काशीरामला उभं केलं. बावन्न किलो भरला, त्यात थोडं पीठ. पण बावन्न किलो म्हणजे जड की हलका, हे कोणालाच ठरवता येईना.

"चौथी पायरी," काशीराम काट्यावरूनच म्हणाला. "तिथं फाटलंय असं त्या बाईनंच लिहिलंय. त्यापुढं विश्वास ठेवू नका म्हणालीय."

हे बिनतोड होतं. शकुसुद्धा विचारात पडली. अखेर तिने हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : "सदर इसम एक जागी की दोन जागी, हा प्रश्न शास्त्राला सुटेपर्यंत जैसे थे. तोवर कमी करू नये."

"किती दिवस लागतील सुटायला?" काशीरामने विचारलं.

"शंभर वर्षं तरी," बाई म्हणाल्या. काशीरामला निवृत्तीला सहा वर्षं होती. त्या दिवशी त्याने असल्फ्याला पाव किलो पेढे नेले.

वर्ष झकास गेलं. चंद्रप्रकाश गालगुंडातून उठले ते थेट दुसऱ्या नोकरीत गेले, त्यामुळे खुर्ची बदलीकडेच राहिली. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये दिल्लीचं पत्र पुन्हा आलं, पुन्हा ढीग लागला, आणि ढिगात एक ओळखीचं नाव निघालं. थंड देशातली बाई. या वेळी अकरा पानं. तिने चौथी पायरी सांधली होती. वजनाची मर्यादा काढली होती, आणि ती पिठाच्या एका कणाएवढी होती.

पद्मजाबाईंनी वाचून दाखवलं आणि निबंध टेबलावर पालथा ठेवला. खरं असेल तर प्रश्न सुटला, आणि त्याबरोबर शकुचा शेराही संपला. काशीराम पिठाच्या कणाहून जड होता, हे काटा न आणताही कळत होतं.

काशीरामने निबंध घेतला. इंग्रजी त्याला अक्षर लावून वाचण्यापुरतं येई, गणित तर मुळीच नाही. तरी त्याने बाईंना प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही त्या ओळीतून कशी आली, ती कुठून आली. दोष सापडावा असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटणं हीच तपासणाऱ्याची पहिली लबाडी, हेही त्याला माहीत होतं. त्याने तीनदा तपासलं.

"सांधा साफ आहे," तो म्हणाला आणि निबंध उजवीकडे ठेवला.

"मामा, नीट बघा," बाई म्हणाल्या. "काहीतरी असेल."

"नाही मॅडम."

बाईंनी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊरावांनी, तीन वर्षांत प्रथमच, बाईंकडे पाहिलं. मग बाईंनी खणातून लाल दोऱ्याचा तुकडा काढला आणि त्या स्वच्छ निबंधाच्या कोपऱ्याला स्वतः बांधला. "मला दिसतोय दोष," त्या म्हणाल्या. "मलाही," भाऊराव म्हणाले. कुठे, ते दोघांनीही सांगितलं नाही. दोन विरुद्ध एक. एकशेवीस पानांचा एक तंतूंचा निबंध निवडला गेला, छापील कागदावर सह्या झाल्या. "घरी जा आता, काही काळजी करू नका," म्हणून भाऊरावांनी काशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काशीरामला त्यांचं प्रेम कळलं आणि त्या प्रेमाचा त्याला राग आला. सव्वीस वर्षांत दोषाचं कापड त्याच्या हातून चुकून सुटलं असेल, पण साफ ताग्याला त्याने कधी लाल दोरा लागू दिला नव्हता. त्या बाईने वर्षभर बसून तेवढीच एक जागा विणली असणार.

दोघं घरी गेली. समितीतला काशीराम हरला होता आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, बहुमत म्हणजे बहुमत. पण लिफाफा भरायचं आणि चिकटवायचं काम समितीचं नव्हतं. ते शिपायाचं होतं. छापील कागदावर निबंधाचं नाव नसायचंच, नुसतं "सोबतचा निबंध" असायचं. काशीरामने अकरा पानांचा तो निबंध घेतला, पीठ झटकलं, गाठ सोडली, दोरा खिशात टाकला आणि निबंध लिफाफ्यात सरकवला. मग खाली जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकला आणि वर येऊन तीन कप विसळले.

घरी सुगंधाने विचारलं, "राहिलात ना?"

"दिल्लीला पोचेपर्यंत." त्याने खिशातला दोरा काढून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. "तागा साफ होता गं. त्यांनी त्यालाच दोरा बांधला."

सुगंधाने सव्वीस वर्षं कापड तपासणाऱ्या माणसाचा डबा भरला होता. तिने तो दोरा खिळ्यावर नीट बसवला.

"मग पाठवलात ना?" तिने विचारलं.

"पाठवला."

"बरं केलंत," ती म्हणाली, आजची फुली मारली आणि पान वाढायला घेतलं.