मध्येच बघायची सवय

"या खुर्चीलाही मी जड झालोय आता," माझ्या शेजारी बसलेले भावोजी पुटपुटले. बसल्या बसल्या खुर्ची खाली खाली जात होती आणि ते अर्धवट उठून ती वर ओढत होते.

ताई, तिचे यजमान म्हणजे हे भावोजी, आणि मी. वेबसाइट बनवणारं आमचं तिघांचं ऑफिस. भावोजी त्याला दुकान म्हणतात. हल्ली गिऱ्हाइकं आपापल्या साइट घरबसल्या स्वतःच बनवतात, म्हणून भावोजींनी नवा वर्ग काढला होता: वेब डेव्हलपरसाठी क्वांटम कंप्युटिंगची ओळख. पहिला तास उद्या. नावं नोंदवलेली चौघांनी, त्यात एक आमची मावसबहीण, तीही भिडेखातर.

"मेव्हणीबाई, जरा बघा हो. हे काहीतरी भलतंच दाखवतंय."

उदाहरण साधं होतं. आपला नेहमीचा बिट शून्य असतो, नाहीतर एक. क्वांटममधल्या बिटवर, म्हणजे शून्यावर असलेल्या क्यूबिटवर, एक ठरावीक क्रिया केली की तो दोन्हींच्या मिश्रणात जातो आणि तीच क्रिया पुन्हा केली की मुकाट शून्यावर परत येतो. दर वेळी शून्यच. भावोजींच्या लॅपटॉपवर मात्र कधी शून्य येत होतं, कधी एक.

मी कोड वर सरकवला. दोन क्रिया, आणि त्यांच्या मध्ये मोजमापाची एक आगाऊ ओळ.

"हे मध्ये काय घातलंत?"

"कुठे काय. नुसतं बघितलं, काय येतंय ते."

"इथे नुसतं बघता येत नाही, भावोजी. बघितलं की मिश्रण मोडतं. तो शून्य तरी होऊन बसतो, नाहीतर एक. मग दुसरी क्रिया त्याला परत आणणार कशी?"

ते ओशाळं हसले. अडलं की मध्ये एक ओळ घालून काय येतंय ते स्क्रीनवर छापून बघ, हे मलाही त्यांनीच शिकवलेलं. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचा हात आपसूक तिकडे जातो.

"सवयच आहे ती," पलीकडच्या टेबलावरून ताई म्हणाली. "भाजी शिजेपर्यंत चार वेळा झाकण उघडतात. आणि जिथे खरंच बघायला हवं, तिथे…"

ती थांबली. आम्ही नेहमी या वाक्यात इथवर येतो आणि मग कुणीतरी खिडकी उघडतं. आज मी उठले.

भावोजींनी ती ओळ खोडली. प्रोग्राम चालवला. शून्य. पुन्हा चालवला. शून्य. कितीही वेळा चालवा, शून्यच.

"जमलं की," ताई जरा जास्तच उत्साहाने म्हणाली. "उद्या असंच दाखवा."

"दाखवीन. चार माणसांना कबूल केलंय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण त्यानंतर काय, ते तुम्ही दोघी विचारत नाही. मला लागेल म्हणून."

ताई आपल्या स्क्रीनकडे बघत राहिली. मी खिडकीपाशीच उभी होते.

"मलाही दिसतंय गं सगळं," ते तिला म्हणाले. "काम आता येणार नाही. आपण दुकान बंद करू या."