कोटिंगखालची चासी

मी तापट आहे, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. गिऱ्हाईक गॅरेजात आलं की मी आधी गाडीखाली शिरतो आणि छोट्या हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकून बघतो. खणखणीत वाजली तर लोखंड, बद्द वाजली तर गंज. बद्द वाजली की मालकाची अशी हजेरी घेतो की विचारू नका.

दादानं जुनी व्हॅन घेतली तेव्हा त्याचीही घेतली. "रंग बघून भुललास ना? खालून बघितलीस का?" तो नुसता हसला. थोरला तो, पण घरात ओरडायचं काम माझ्याकडे. दोन दिवस तारेच्या ब्रशनं मी गंज खरवडला. आतलं लोखंड अजून चांगलं होतं. मग प्रेशरच्या पाण्यानं गाडी खालून धुतली. धुतल्यावर दोन दिवस सुकवायची, मगच काळं कोटिंग मारायचं, हे माझ्या माणसांना मी शिव्या घालून घालून शिकवलंय. पण दादाला दुसऱ्या सकाळपासून कारखान्यातल्या बायकांची ने-आण करायची होती. "मार ना लगेच, आपलीच तर गाडी आहे," तो म्हणाला. मी फडक्यानं पुसलं आणि मारलं.

पुढची दोन वर्षं व्हॅन माझ्याकडेच यायची. खाली शिरलो की काळं कुळकुळीत कोटिंग दिसायचं आणि मीच खूश. हातोडी कधी लावली नाही. ठोकलं की कोटिंगचे टवके उडतात, आणि ते काम माझ्या हातचं होतं ना! जगाच्या गाड्या ठोकल्या, ही एक सोडून.

मागच्या आठवड्यात भर दुपारी वळणावर व्हॅन कलंडली. आठ बायकांना मुका मार लागला. नववी, शिलाईखात्यात नुकतीच लागलेली पोरगी, जागच्या जागी गेली. दादाचा पाय मोडला. डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले. चौकशीला आलेल्यांनी फोटो काढले, पण गाडीखाली कुणी वाकलं नाही. ऐकून ऐकून दादालाही तेच खरं वाटायला लागलं.

व्हॅन ओढून माझ्याकडे आणली तेव्हा मी खाली शिरलो. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे चासीला जिथे अडकतात, तिथलं लोखंड फाटून सुटलं होतं. वर कोटिंग जसंच्या तसं, आत नुसता भुगा. कोंडलेल्या पाण्यानं दोन वर्षं निवांत खाल्लं होतं. शटर ओढून मी तिथेच बसून राहिलो.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही तरी समजवा हो यांना. चार दिवस अन्नाचा कण घेतला नाही. सारखं एकच, मी मारलं पोरीला."

गेलो. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी चहा टाकायला आत गेली आणि मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"दादा, तुला डुलकी लागली नव्हती."

सगळं सांगितलं. न सुकवलेली चासी, न लावलेली हातोडी, आतला भुगा. त्यानं माझ्या थोबाडीत मारायला हवी होती. मी वाट बघत होतो.

"म्हणजे मी जागा होतो?"

"होतास रे."

तो हमसून हमसून रडला. दादाला रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मग चादरीनं तोंड पुसून तो हळू आवाजात म्हणाला, "लगेच मार म्हणणारा मीच ना? हे बाहेर बोलू नकोस. तुझ्या गॅरेजवर चार घरं चालतात. माझं व्हायचं ते होऊन गेलंय."

"दादा, असं कसं..."

वहिनी कप घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून दारातच थांबली. "काय झालं?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "डुलकीच लागली होती मला. आता आठवलं नीट."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं.