मैना काही चढेना

पुरात गावानं जनावरांसकट वर जायचं, त्या सरकारी ओट्यात इंजिनिअर अनुजा कांबळेनं काय म्हणून घालायचं सोडलं नव्हतं. दोन हजार एकोणीसच्या महापुराचं पाणी जिथवर चढलं होतं, त्याच्याही वर पाच फूट मुरमाचा भराव. लाटांनी माती उकरू नये म्हणून भरावाच्या चारी अंगांना दगडी पिचिंग. वर तीनशे जनावरांची शेड, दावणी, पाण्याच्या टाक्या, माणसांसाठी चार लांबलचक खोल्या, आठ संडास, सोलरचे दिवे. आणि गावाच्या अंगानं वर जाणारा एकशे चाळीस फुटांचा काँक्रीटचा चढ, भरलेली बैलगाडीही दम न लागता जावी इतका सावकाश. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या धामणवाडीनं एवढं बांधकाम कधी पाहिलं नव्हतं. रोज जयसिंगपूरहून स्कूटीवर येऊन-जाऊन अनुजानं ते दीड वर्षात उभं केलं. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या रंगीत तालमीच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर हंबीररावांची मैना म्हैस त्या चढाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. उभीच राहिली.

एक म्हैस चढली नाही तर काय आभाळ कोसळतं, असं परगावच्या माणसाला वाटेल. त्यानं धामणवाडीचा पूर पाहिलेला नाही. इथं पाणी आलं की माणूस घर सोडेल, शेत सोडेल, भिंतीवरचा टीव्ही सोडेल. म्हैस सोडायची नाही. एकवीस सालच्या पुरात अनुजा नोकरीला नवी होती, आणि बचावाच्या बोटीत बसून हंबीररावांच्या घरापाशी गेली होती. सत्तरीचे हंबीरराव तीन म्हशी आणि बायको बायडाबाई यांना घेऊन स्लॅबवर बसलेले. जिन्यावरून म्हशी वर कशा नेल्या, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. अनुजानं खालून दोन तास विनवण्या केल्या, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. हंबीररावांचं उत्तर एकच होतं.

"बोटीत म्हस बसती का? न्हाय? मग मी बी न्हाय."

ते बसले म्हणून शेजारची चार घरं बसली, ती बसली म्हणून गल्ली बसली. नऊ दिवस पाण्यात. सगळे वाचले, पण नशिबानं, आणि नशिबाच्या भरवशावर पुढचा पूर काढायची अनुजाची तयारी नव्हती. परत येताना बोटीत तिला रडू आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. त्याच संतापात तिनं ठरवलं की या गावासाठी अशी जागा बांधायची, जिथं आधी म्हैस जाईल. माणूस तिच्या मागनं आपोआप येईल.

आणि आता म्हैसच नाही म्हणत होती.

तालमीला सगळं गाव लोटलं होतं. कुणी मैनेपुढं हिरवा मका धरला. कुणी पेंडीची पाटी नाचवली. चौघांनी दावं ओढलं, चौघांनी मागून रेटा दिला. मैनेनं मका खाल्ला, पेंड खाल्ली, रेटा देणाऱ्यांपैकी एकाच्या पायावर पाय ठेवला आणि जागची हलली नाही. ती हलेना म्हणून मागच्या चाळीस म्हशीही हलेनात. मैना साऱ्या कळपाची म्होरकी होती. गल्लीत हंबीररावांचा जो मान, तोच म्हशींत तिचा.

"सरकारी काम हाय म्हणून चढंना झालीया," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. अनुजाही उसनं हसली.

हंबीररावांनी मैनेच्या पाठीवर थाप मारली आणि तिला माघारी वळवलं. "इंजिनेरीणबाई, तुमचं काम झ्याक हाय. कुणी नावं ठिवायची न्हाईत. पण म्हशीला न्हाय पटलं. तिला न्हाय पटलं म्हंजे मला न्हाय पटलं. पाणी आलं की मी आपला माझ्या स्लॅबवर."

"मामा, स्लॅब दोन पूर खाऊन बसलाय. खालच्या भिंतींना बोटभर भेगा आहेत, मी स्वतः पाहिल्यात."

"व्हय की. मला बी दिसत्यात."

एवढं बोलून ते निघाले. त्यांच्यामागून म्हशी, आणि म्हशींमागून गाव. चढाच्या पायथ्याशी अनुजा आणि बांधकामाचा मुकादम आकाराम असे दोघंच उरले. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्याहून वाईट म्हणजे पाऊस येणार होता, आणि तो काही तारीख देऊन येत नाही.

अनुजानं मग आपली पुस्तकं बाजूला ठेवली. सलग तीन दिवस ती सकाळी हंबीररावांच्या गोठ्यात जाऊन बसली. म्हशी कशा उठतात, कशा पाण्यावर जातात, कशाला बुजतात, ते बघत राहिली. बायडाबाई धारा काढता काढता गालातल्या गालात हसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याभर कच्चं दूध तिच्यापुढं ठेवलं.

"एवढं शिकलीस, आन् म्हस ओढत न्हेतीस व्हय? म्हस ओढून येती का कुठं?"

"मग कशी येते, मावशी?"

"दिवाळीच्या पाडव्याला कोल्लापुरात कशी येती? गाडीच्या मागनं!"

अनुजानं कपाळाला हात लावला. ती याच जिल्ह्यातली पोर. पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी आपल्या मालकाच्या मोटरसायकलमागं सुसाट पळतात, सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आणि मालकाची हाळी ऐकून भर गर्दीतून वाट काढतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. मैनेनं तर असे तीन पाडवे गाजवले होते. तरी आराखडा काढताना यातलं काही तिच्या डोक्यात आलं नाही.

"मग मामांची गाडी काढूया की!"

"गाडी एकवीस सालीच गेली न्हवं पुरात," बायडाबाई म्हणाल्या. "म्हशी वर काढल्या, गाडी खाली ऱ्हायली."

उरली अनुजाची स्कूटी. फिकट निळी, पुढं छोटी बास्केट असलेली. तिच्यावर मागं बसायचं म्हटल्यावर हंबीररावांनी आधी मिशीवरून हात फिरवला, मग आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं. अख्खी गल्ली बघत होती. शेवटी बायडाबाईंनी एक नजर टाकली आणि ते फेटा घट्ट करून बसले. आकारामनं स्कूटीचा सायलेन्सर काढून दिला. त्या बिचाऱ्या गाडीच्या पोटात एवढा आवाज असेल, असं तिच्या मालकिणीलाही वाटलं नव्हतं.

"हॅऽऽ मैने! ये, ये, येऽऽ!" हंबीररावांनी मागं वळून हाळी दिली.

मैनेनं कान टवकारले, मान वर केली आणि धाव घेतली. गल्लीतून स्कूटी, स्कूटीमागं मैना, मैनेमागं चाळीस म्हशी आणि त्यांच्यामागं शिट्ट्या मारणारं गाव. वडाचा पार गेला, शाळा गेली, समोर चढ आला. अनुजानं मूठ पिळली आणि स्कूटी चढाला लावली. आपण जिंकलो, असं तिला तेवढ्यात वाटूनही गेलं.

मागं पायांचा आवाज एकदम थांबला. मैनेनं चारी पाय रोवले होते. काय झालं ते बघायला हंबीरराव कमरेतून इतके वळले की गाडीवरून घसरले आणि कडेच्या वैरणीच्या ढिगात जाऊन पडले. लागलं काही नाही, फेटा मात्र लांब जाऊन पडला. गावाला एवढं हसू आलं की शेवटी हंबीररावही वैरणीत बसल्या बसल्या हसायला लागले.

बायडाबाई हसत नव्हत्या. त्या मैनेच्या पायांकडे बघत होत्या. मैनेचे पुढचे खूर चढाच्या पहिल्या पिवळ्या पट्ट्याला टेकून थांबले होते. ती मान खाली घालून तो पट्टा हुंगत होती आणि फुरफुरत होती.

"पोरी, हे पट्टं कुणी मारलं गं?"

पट्टे अनुजानंच मारून घेतले होते. पावसाच्या झडीत माणसांना चढ नीट दिसावा म्हणून दर चार फुटांवर एक पिवळा, एक काळा, कडेपासून कडेपर्यंत. नियमाच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि दिसतही छान होते. फोटो काढून तिनं घरी पाठवला होता.

"साखर कारखान्याच्या गेटापाशी जमिनीत लोखंडी रूळ पुरल्यात बघ, गुरं आत शिरू न्हाईत म्हणून," बायडाबाई म्हणाल्या. "लहान हुती तवा मैनेचा पाय त्यात अडकला हुता. आठ दिस लंगडत हुती. तिला ह्ये तसंच दिसतंय. पट्टा न्हवं, खड्डा दिसतोय."

अनुजा पायथ्याशी गेली, खाली वाकली आणि म्हशीच्या डोळ्यांच्या उंचीवरून चढाकडे बघितलं. पिवळा, काळा, पिवळा, काळा. खरंच, काळ्या फटी आणि मधे दांड्या. तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तिनं बायडाबाईंना सगळ्यांदेखत मिठी मारली.

मिठीतून सुटल्या सुटल्या बायडाबाईंनी पदर खोचला. "बायांनो, पाट्या घ्या. शेण आणा."

तासाभरात धामणवाडीच्या बायकांनी तो एकशे चाळीस फुटांचा सरकारी चढ अंगण सारवावं तसा सारवून काढला. अनुजाही कोपरापर्यंत शेणात होती. दुपारच्या उन्हात सारवण खडखडीत वाळलं आणि पट्टे दिसेनासे झाले. चढाला गोठ्याचा वास सुटला. हंबीरराव पुन्हा स्कूटीवर बसले, या वेळी घसरायला नको म्हणून अनुजाच्या ओढणीनं स्वतःला सीटशी बांधून घेऊन.

"हॅऽऽ मैने!"

मैना आली, पायथ्याशी एक क्षण थबकली, हुंगली आणि वर निघाली. स्कूटी माथ्यावर पोचायच्या आधी तिनं स्कूटीला मागं टाकलं. मागून चाळीस म्हशी धडाडत वर गेल्या आणि दावणीशी आपापल्या जागा धरून उभ्या राहिल्या, जणू तिथंच जन्मल्या होत्या.

चार दिवसांनी साहेब पाहणीला आले. पांढरे बूट घातले होते. चढाकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय आहे, मॅडम? पट्टे कुठं आहेत?"

"शेणाखाली आहेत, साहेब. पट्ट्यांना म्हशी बुजत होत्या. चूक माझी होती," अनुजा म्हणाली. "हे सारवण पहिल्या पावसात धुऊन जाईल. त्याच्या आधी पट्टे खरवडून काढते आणि बाजूच्या कठड्यावर उभे रंगवते. माणसांना दिसतील, म्हशींच्या वाटेत येणार नाहीत."

तेवढ्यात हंबीरराव पुढं झाले. "सायब, पुस्तक म्हशीला वाचून दावलं आमी, पर तिला न्हाय कळलं. तवा पुस्तकात दुरुस्ती केलीया. सही करा."

साहेब आधी हसले, मग त्यांनी सही केली. परत जाताना पांढरे बूट कसल्या रंगाचे झाले होते, ते सांगायला नको.

जुलै संपता संपता पावसानं जोर धरला. घाटमाथ्यावर आठवडाभर धार लागली होती, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले आणि पंचगंगा पात्र सोडून उसात शिरली. जयसिंगपूरहून धामणवाडीचा रस्ता बंद झाला. दोन दिवसांनी अनुजा जवानांच्या बोटीत बसून गावाकडे निघाली. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घराघरांची यादी होती. फोन लागत नव्हते. तालीम वेगळी आणि पूर वेगळा, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"पहिल्यांदा कुठं?" बोट चालवणाऱ्या जवानानं विचारलं.

"हंबीररावांच्या घराकडं," ती म्हणाली.

घराचं दार पाण्यात बुडालं होतं. खालच्या खोलीची एक भिंत कोसळून आत पाणी घुमत होतं, आणि स्लॅब त्या बाजूला चांगला हातभर खचला होता. अनुजानं उभं राहून वर पाहिलं. स्लॅबवर माणूस नव्हता, म्हैस नव्हती, काहीच नव्हतं. शेजारची चार घरंही रिकामी. पुढची गल्लीही रिकामी. जवान हाका मारत होते आणि हाकांना कुणी ओ देत नव्हतं. आयुष्यात एवढं गोड काही आपण ऐकलं नाही, असं अनुजाला वाटलं.

बोट ओट्याकडे वळली. लांबूनच हंबरणं ऐकू आलं, मग धूर दिसला, मग पोरांचा गलका. चढाचा खालचा निम्मा भाग पाण्यात होता आणि वरच्या निम्म्यावर बाया कपडे वाळत घालत होत्या. पाणी लागलं होतं तिथं कठड्यापाशी हंबीरराव गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते, एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात कपांची चळत घेऊन.

"आत किती माणसं अडकलीत?" पुढच्या जवानानं ओरडून विचारलं. त्याच्या हातात फेकायला दोर तयार होता.

"अडकलंय कोण?" हंबीररावांनी त्याच्याहून मोठ्यानं विचारलं. "पावणं, ह्या पावसात किती येळ भिजताय? टाका तो दोर हिकडं, बोट बांधतो. वर या. मैनेच्या दुधाचा च्या हाय, च्या घेतल्याबिगर सोडायचो न्हाय."

जवानानं अनुजाकडे पाहिलं. आता काय करायचं, हे त्याच्या प्रशिक्षणात बहुधा नव्हतं.

"टाका दोर," अनुजा म्हणाली, आणि हंबीररावांनी तो झेलून बोट ओढून घेतली.