मार्थाबाईची पट्टी

या, बसा या बाकावर. एक गोष्ट सांगतो, मधे उठू नका. आमच्या चर्चमधल्या पियानोची पट्टी दाबली की गावातलं एक माणूस वर उचललं जातं. एका पट्टीला एक माणूस. लेकरू असलं तर पट्टी हलकी, पैलवान असला तर जड. सगळ्या गावाला ठाऊक हाय. म्हणून तर छताला पंखे न्हाईत.

सलोमीबाई पुण्याहून आल्या, त्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या आल्या होत्या धाकट्या बहिणीसाठी, मार्थासाठी. मार्थाचा नवरा अहारोन गेला अन् तेव्हापासून ती चर्चमागच्या खोलीत खाटेवर पडून. डॉक्टर म्हणाले, हाडं चांगली, ताकद चांगली. पण ती उठेना. पाठीला जखमा व्हायला लागल्या. अशीच पडून राहिली असती तर खाटेवरनं थेट मातीतच गेली असती.

आमचे पाळक शांतवन पगारे म्हणाले, "बाई, आल्याच आहात तर रविवारचं गीत वाजवा."

सलोमीबाईंनी लई पियानो हाताळलेले. शाळेतले, हॉटेलातले, बंगल्यातले. कुठली पट्टी लोण्यासारखी, कुठली चावायला उठते. नवा पियानो म्हंजे नवी म्हैस. आधी पाठीवरून हात फिरवायचा, मग कासेला बसायचं. तशा त्या पट्ट्यांवर नुसती बोटं ठेवून बसल्या. मग पहिला सूर धरला.

पाटोळेबाई बसल्या बसल्या बाकापासून हातभर वर गेल्या.

"सावकाश हो बाई," त्या वरूनच म्हणाल्या, "पदर तरी सावरू द्या."

सलोमीबाईंनी मान वळवून बघितलं, पट्टीकडं बघितलं. म्हणाल्या, "ही जरा कडक आहे."

"कडक कसली, जाड म्हणा! मला राग येत न्हाई."

एक कडवं होईस्तोवर बाईंना सगळ्यांची वजनं कळली. कुणाला बोटाचं टोक पुरतं, कुणाला खांद्यापासून हात सोडावा लागतो. मंडळी अशी वरखाली होत होती, जसे आधणातले तांदूळ. मीबी गेलो वर. छताच्या वाशावर किती धूळ हाय ते तेव्हा कळलं.

एकच पट्टी हलली न्हाई. डावीकडची, अगदी शेवटची.

"ही कुणाची?"

मग पाळक म्हणाले, "मार्थाबाईंची. तिला कुणी हात लावत न्हाई. गीतंच तिला वगळून बसवलीत आम्ही."

सलोमीबाईंनी दोन्ही हातांनी दाबली. उभ्या राहिल्या, सगळं अंग टाकलं. भिंतीमागं खाट कुरकुरली.

"अक्का!" मार्था आतून ओरडली. "खाटेसकट उचलतीस का मला?"

"मग सोड ना खाट!"

"न्हाई सोडत."

"का गं?"

"अर्धी खाट त्यांची हाय. मी उठले की ती नुसती खाट होईल."

पाटोळेबाईंनी नाक पुसलं. पाळक पुढं झाले, "आम्ही दोघं-चौघं जोर लावतो."

"मागं सरा," बाई म्हणाल्या. "बैल काढायचाय का चिखलातला?"

त्या खाली बसल्या. एकच बोट पट्टीवर ठेवलं. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसं, थोपटायचंसुद्धा न्हाई.

"मार्थे, मी तुला उचलत नाही. मी नुसती इथं आहे."

पट्टी खाली जायला लागली. गरम भाकरीवर लोणी बसत जातं तशी. आवाज न्हाई. पियानोचं असंच असतं, पट्टी इतकी हळू गेली तर हातोडी तारेला लागतच न्हाई, तार फक्त मोकळी होते.

अन् मार्था दारात आली. उभी. केस सुटलेले, पाय जमिनीच्या वीतभर वर. चौकट लागू नये म्हणून तिनं मान वाकवली. आम्ही सगळे उठलो. गायचं कुणाला सुचलं न्हाई. सलोमीबाईंनी दुसऱ्या हातानं एक ओळ वाजवली, तर मार्थाची तार आपोआप गुणगुणायला लागली. कुणी मारली न्हाई, कुणी छेडली न्हाई.

मार्थानं छातीवर हात ठेवला. "अक्का, हे माझ्यातनं येतंय?"

"तुझ्यातनंच."

"आता सोड बघू."

बाईंनी बोट केसभर उचललं. मार्था पाठीमागं सरकली, खोलीकडं, खाटेकडं, कुणी पदर धरून ओढावं तशी. बाईंनी बोट पुन्हा टेकवलं.

ते अजून तिथंच हाय. त्या बघा, पाठमोऱ्या. मार्था बाजारात जाते, भाकरी थापते, चिखल झाला तरी तिचे पाय कोरडे. जखमा भरल्या. परवा तर हसली. सलोमीबाईंना घास तीच भरवते, पण बाईंचा हात आता दमलाय. आम्हाला ते बोट पेलत न्हाई. आमच्या पट्ट्या याच पियानोत, तागडीत बसलेल्यानं तागडी कशी धरायची? तुम्ही परगावचे. तुमची पट्टी यात न्हाई.

मार्था आत्ता विहिरीवर हाय, पाणी शेंदतेय, कठड्यावरून ओणवी झालीय. या इकडं. बाईंच्या बोटाशेजारी तुमचं बोट ठेवा. दाबू नका. नुसतं ठेवा.