पायरीला झालेली कावीळ

केजजवळच्या बंकटबाबाच्या मठापुढे शनिवारी चपलांचा ढीग पडायचा. बाबा कावीळ 'उतरवायचा'. रोग्याच्या हाताला अंगारा चोळायचा, वरून चुन्याची निवळी ओतायची, की परातीत पिवळंजर्द पाणी! "उतरली बघा!" बाबा गरजायचा आणि चांगली शिकलीसवरली माणसं त्या परातीपुढे नाक घासायची.

योगिताला या सगळ्याची शिसारी आली होती. परातीपाशी तिची लेक सायली बसली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. गेल्या वर्षी योगिताने स्वतःच्या यकृताचा तुकडा देऊन पोरीला वाचवलं होतं. आता योगिता माहेरी गेल्याचं बघून नवऱ्याने, परमेश्वरने, बाबाच्या नादी लागून पोरीच्या गोळ्या बंद केल्या आणि काढा सुरू केला. कळताच ती थेट मठात आली होती.

"पोटात परकं मांस हाय," बाबा सांगत होता. "माझ्या काढ्यानं अंगाची ताकद वाढती. गोळ्या तर ताकद मारत्यात!"

"डाक्टरबी तेच म्हनले व्हते," परमेश्वर पुटपुटला. "गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी व्हती म्हून."

"अवो, ती कमी करायलाच देत्यात त्या!" योगिता कडाडली. "अंगाची ताकद म्हंजी राखणीचं कुत्रं. त्याला काय कळतं, पाव्हणा कोण अन् चोर कोण? आईचा तुकडा असला तरी लेकीच्या अंगाला परकाच. गोळ्या म्हंजी कुत्र्याची साखळी. तुमी साखळी सोडली, अन् ह्यो बाबा काढा देऊन कुत्र्याला मटण चारतोय!"

"बाई, परातीतलं पिवळं दिसंना का तुला?" बाबा छद्मी हसला. गर्दीनेही माना डोलावल्या.

मूठभर अंगारा उचलून योगिताने मठाच्या दगडी पायरीवर चोळला आणि वर निवळी ओतली. पायरीवरून पिवळा ओघळ आला.

"बाबा, तुमच्या पायरीला कावीळ झाली. तिलाबी काढा पाजा!"

गर्दीत खसखस पिकली.

"ह्यो अंगारा न्हाई, आंब्याच्या झाडाच्या सालीची पूड हाय," योगिता म्हणाली. " मठामागं जाऊन बघा, झाडाचं खोड पार सोलून ठिवलंय. चुना लागला की पिवळी पडती."

"अश्रद्धेनं पायरी बाटली!" बाबा किंचाळला.

"आरं, आधी पायरीचा इलाज सांग!" मागून कुणीतरी ओरडलं.

तोवर परमेश्वर मान खाली घालून जीप बघायला धावला होता. दवाखान्याच्या वाटेत सायलीने विचारलं, "आई, तुझा तुकडा ऱ्हाईल ना?" योगिताने तिला नुसतं जवळ ओढलं.

तुकडा राहिला. डॉक्टरांनी गोळ्यांची साखळी पुन्हा घातली, आणि तेही सगळे वेळेत पोचले म्हणून जमलं. थोडा उशीर झाला असता तर पोरही गेली असती, आणि बाबाने तेही नशिबावर ढकललं असतं.

कावीळ रक्तात असते, तळहातावर नव्हे. गोळी कशासाठी आहे हे डॉक्टरांना विचारा, शंभरदा विचारा. आणि ती बंद करा म्हणणारा भेटला, तर त्याचा अंगारा आधी त्याच्याच पायरीला लावून बघा.